मोडका खटका

निरोगी पेशींच्या नळीतही गाठी वाढवणाऱ्या विषाणूचं प्रथिन सापडलं, तसा सरांचा पारा चढला. “पुन्हा सरमिसळ केलीस! उद्यापासून प्रयोगशाळेत पाऊल टाकू नकोस.” विद्यार्थिनीचं तोंड एवढंसं झालं; नव्या नळ्या, नवे हातमोजे वापरूनही तेच दिसत होतं. सर तरातरा निघाले, तोच हातातली छत्री फटकन उघडली आणि ते दारात अडकले. “ही भवानी मिटून राहतच नाही!” विद्यार्थिनीला छत्रीच्या मुठीवरची निळी चिंधी दिसली. “सर, ही माझीच छत्री. परवा तुम्ही चुकून नेलीत आणि मिटवून धरणारा खटका मोडलात.” बोलतानाच तिचे डोळे चमकले. “विषाणूनंही हेच केलं असणार! प्रथिन मुळात पेशीचंच; त्यानं पळवलं, त्याला थांबवणारा खटका मोडला, म्हणून गाठींची वाढ थांबत नाही.” सर अडकल्या जागी विचारात पडले. “उद्या लवकर ये,” ते म्हणाले, “पण आधी मला सोडव.”