दुसऱ्या कारखान्याच्या पिना

सरकारी साहेबांनी डबी उघडून वहिनींच्या टेबलावर ठेवली, तसे भाऊजी लेथ बंद करून हात पुसत लगबगीने आले. डबीत कापसावर तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पिना होत्या.

“दुसऱ्या एका कारखान्याकडून नमुन्यादाखल करून घेतल्यात,” साहेब म्हणाले. “या पास झाल्या की तुम्ही सुटलात. मग विका, नाहीतर कुलूप लावा. सरकार आडवं येणार नाही.”

तोफगोळ्यातली ही पिन अख्ख्या देशात आता इथेच होत होती. बाकीचे कारखाने बाहेरच्या स्वस्त मालापुढे केव्हाच झोपले होते. भाऊजींनी हाही विकायला काढला होता, परदेशात मुलाकडे जाऊन आरामात राहायचं म्हणून. तेवढ्यात वहिनींनी सरकारच्या कानावर घातलं की शेवटचा कारखाना बुडतोय. झालं. विकायला बंदी, बंद करायला बंदी. आणि हे काम येणारं भाऊजींशिवाय कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते लेथला जुंपले गेले.

लोक म्हणाले, बाईनं नवऱ्याचं नाव राखलं. नावाचं काय घेऊन बसलात! वहिनींना आपल्या धाकट्या दिराला इथे डांबायचं होतं, बस्स. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, तापाने फणफणले होते, तरी ऑर्डर अडलीय म्हणून या भावाने त्यांना घरी सोडलं नव्हतं. ते लेथपाशी उभ्या उभ्याच गेले.

पिना पास-नापास करायचं काम पहिल्यापासून वहिनींचंच. त्यांनी दिवा जवळ ओढला. तपासायच्या रिंगा दोन. पिन पहिलीत सहज शिरली पाहिजे, दुसरीत शिरता कामा नये. पहिली पिन पहिल्या रिंगेत अलगद गेली. दुसरीच्या तोंडाशी थांबली.

दुसरी पिन तशीच. तिसरीही.

भाऊजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. साहेब फोनमध्ये गुंतले होते.

चौथीही तशीच निघाली, तेव्हा वहिनींनी ती चिमट्यात धरून उजेडात फिरवली. ज्या कुणी ही केली होती त्याच्या हाताला तोड नव्हती. किती दिवस मान मोडून बसला असेल बिचारा. वहिनींना त्याचं खरोखर वाईट वाटलं. मग त्यांनी चारही पिना एकेक करून लाल डब्यात टाकल्या.

“नापास,” त्या म्हणाल्या.

“सगळ्याच?” साहेबांनी मान वर केली.

“सगळ्याच. सैल आहेत.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “मग पुन्हा पहिल्यापासून आलं. वर्षभर तरी तुम्हालाच ओढावं लागेल.” रिकामी डबी खिशात टाकून ते गाडीकडे गेले.

भाऊजी टेबलाला धरून उभे राहिले.

“वहिनी, तुमच्या पाया पडतो, पुन्हा एकदा बघा. हल्ली छातीत धडधडतं हो. उभं राहवत नाही मला.”

वहिनी उठल्या. स्वतःचं स्टूल उचलून त्यांनी लेथपाशी नेऊन ठेवलं.

“मग बसून करा, भाऊजी. ह्यांना तुम्ही तेवढंही म्हणाला नव्हतात.”