शिंगाचा कोंब

मांसाची बादली खाली ठेवत हेमलता मडावी म्हणाली, "सर, याच्या कपाळावर हात लावून बघा."

गुंगीचं इंजेक्शन दिलेला वैनसॉरस कुंपणात शांत पडला होता. डॉ. वझलवारांनी हात फिरवला आणि मातीत बसून पुन्हा चाचपून पाहिलं. कातडीखाली शिंगाचा कोंब लागत होता. म्हणजे ही छोट्या शिकारी डायनोसॉरची वेगळी जात नव्हतीच. हे कपाळावर शिंग असणाऱ्या मोठ्या राजसॉरसचं पिल्लू होतं.

जीवाश्मांतून पुन्हा जन्माला घातलेल्या प्राण्यांसाठी कायदा कडक होता. प्रत्येक जातीचा एकच प्राणी जगवायचा, दुसरा निघाला तर त्याला मारायचं. राजसॉरस शेजारच्या कुंपणात आधीच होता.

वैनसॉरस ही जात जीवाश्मांवरून डॉक्टरांनीच मांडली होती. तिच्यासाठी वीस वर्षं सगळ्यांशी भांडून ते आता थकले होते. चूक कबूल करून मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटलं.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही. सहा वर्षं मी याला हातानं भरवलंय, सर."

डॉक्टर बराच वेळ त्या प्राण्याचा श्वास ऐकत राहिले. मग त्यांनी तपासणीच्या कागदावर 'जात वेगळीच' असं लिहून सही केली. जाणूनबुजून खोटं लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"शिंग वाढलं की लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. भांडेन मी."

"किती वर्षं जगेल हे?"

"अजून तीसेक." डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे होते.

हेमलता त्यांच्याशेजारी मातीत बसली. "मग तुमच्यानंतर काय सांगून भांडायचं, ते मला शिकवून ठेवा."