सीलचं हाड

कॉलिनचं बोट हाडावरून फिरता फिरता थांबलं आणि मेरिलने खांद्यावरची पिशवी जवळ ओढली.

"हे असं कसं..." संग्रहालयाचा जुना अधिकारी असलेला कॉलिन हाड उजेडात धरून पुटपुटला. मग त्याने फुंकर मारली. "धूळ! तुमच्याकडे झाडू मारायची पद्धत नाही वाटतं?"

"इथे झाडू ठेवला तर लोक त्याचेही फोटो काढतात," मेरिल म्हणाली. हसू मात्र तिला जमलं नाही.

होबार्ट शहरातलं तिचं प्रदर्शन आज आवरलं जात होतं, हाडं संग्रहालयात परत चालली होती. संग्रहालयाच्या कपाटातली हाडं तिने नावाच्या चिठ्ठ्या काढून मांडली होती. प्राणी की माणूस, हे बघणाऱ्यांनी ठरवायचं. हे हाड बहुतेकांनी माणसांत ठेवलं. संग्रहालय म्हणालं, ही कला झाली, शास्त्र नव्हे.

शास्त्राच्या मते ते सील या समुद्री प्राण्याचं होतं. घरच्यांच्या मते मेरिलच्या पणजीचं, गोऱ्यांनी कबर उकरून नेलेलं. मेरिलच्या बेटावरच्या आदिवासींना त्या काळी संग्रहालयात प्राण्यांच्याच कपाटात जागा मिळे. हाड परत मागणारे मेरिलचे दोन अर्ज संग्रहालयाने फेटाळले होते. सीलला म्हणे कुठले आलेत नातेवाईक! पण पणजी आपल्या मातीत जावी, या एका ध्यासाने तिची झोप उडाली होती.

म्हणूनच कॉलिनच्या हातात आत्ता होती ती मेरिलने फोटोंवरून केलेली हुबेहूब नक्कल. घाईघाईत, हातमोज्यांनिशी बदललेलं हाड तिच्या पिशवीत शालीत गुंडाळलेलं होतं.

कॉलिनने पेटीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने बेट गाठलं. आयव्ही मावशी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिचा जन्म लोकांच्या कवळ्यांसाठी प्लास्टरचे साचे ओतण्यात गेला होता. "त्या हाडाचा नाद सोड," असं ती नेहमी म्हणायची. मेरिलला तिच्या भित्रेपणाचा संताप यायचा. मेरिलने शाल उलगडली.

"चोरलंस?" मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"पणजीला घरी आणलं."

मावशीने हाड हातात घेतलं आणि सुरीने त्याचं टोक खरवडलं. टेबलावर पांढरी भुकटी सांडली.

"तिला मी तुझ्या जन्माआधीच आणून आपल्या मातीत पुरली, पोरी. बोलले असते, तर त्यांनी पुन्हा उकरून नेली असती." मावशीने डोळे पुसले. "चाळीस वर्षं ते लोक माझ्या प्लास्टरला सील म्हणतायत."