लोण्याचं मडकं

माझे तिन्ही मामा चाळिशीतच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले, म्हणून आई लोण्याचं मडकं बाबांपासून आणि माझ्यापासून लपवायची. गुरुवारी लँकेस्टर शहरातल्या दवाखान्यातून नर्स रक्ताचे रिपोर्ट घेऊन शेतावर आली. म्हणाली, "तुमच्या नवऱ्याच्या जनुकात दुर्मीळ बदल आहे, रक्तात चरबी साचत नाही, झटक्याचा धोका कमी. लेकातही तोच उतरलाय." बाबा हसले. "अगं, तीस वर्षं उगाच कोरडा पाव चारलास." "अहो, गप्प बसा. गर्व चढेल." आम्ही आमिश, अमेरिकेतल्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची माणसं, आमच्यात गर्व म्हणजे पाप. रविवारी प्रार्थनेनंतर सगळी वस्ती आमच्याकडे जेवायला बसली, तेव्हा आईनं मडकं बाबांपुढे ठेवलं. लोविनाकाकू म्हणाल्या, "लपवायचीस ना गं?" "ह्यांच्या रक्ताला लोणी बाधत नाही. लेकाच्याही," शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं आई म्हणाली. वस्तीचे धर्मगुरू, बिशप, खाकरले. आईनं बाबांच्या पावावर आणखी एक थर लावला.