एवढीशी लाट

हिमकड्यासमोर बोट आणली की इंजिन पाच मिनिटं बंद ठेवायचं आणि पाहुण्यांना बर्फाचे आवाज ऐकू द्यायचे, हा अलास्काच्या या खाडीतला रिवाज. बोटीची कप्तान मार्फा हिने आज दहा मिनिटं ठेवलं. चाळीस माणसं एकाच कठड्याला खेटून बर्फाच्या लादीवरची सील आणि तिचं पिल्लू बघत होती. त्यांचा आनंद कप्तानबाईंना मोडवेना. तेवढ्यात प्रवाहाने बोट आडवी फिरवली आणि भोवती बर्फाचा चुरा दाटला.

मग कडा कोसळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्फाने मात्र किल्लीकडे हात नेला. दुमजली घराएवढा तुकडा पाण्यात गेला होता. आता लाट येणार, आणि आडवी सापडली तर बोट पालथी होणार. तिने किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि गप्प झालं.

"मामा, इंजिनाच्या पाण्याच्या नळीत चुरा अडकलाय," ती खाली ओरडली.

"दिसतंय. दहा मिनिटं थांबायला कुणी सांगितलं होतं तुला?" इंजिनाच्या खोलीतून गावरीलमामा खेकसला. "हं, काढला. आता किल्ली फिरव."

इंजिनाने धरलं. तोंड लाटेकडे वळवायला वाट एकच होती, आणि त्या वाटेत ती लादी होती. मार्फाने चाक फिरवलं. लादी दुभंगली. सील एका बाजूला पडली, पिल्लू दुसऱ्या. लगेच लाट आली. बोटीने तोंड वर केलं, खाली टेकवलं. कुणाची कॉफीसुद्धा फारशी सांडली नाही.

पाण्यावर नुसता बर्फ हलत होता. पिल्लू काही वर आलं नाही.

ओहायोहून आलेल्या एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लाट ती केवढी गं? पाळणा हलावा एवढी. तेवढ्यासाठी त्या लेकराला चिरडलंस? सकाळी तूच बजावत होतीस ना, सीलच्या जवळ जायचं नसतं म्हणून?"

मागच्या माणसांनी माना हलवल्या. मार्फाला रडूच येणार होतं.

"माझंच चुकलं, बाई," ती म्हणाली.

मामा जिना चढून वर आला. हात काळे, चेहरा पांढराफटक. "बाई, तुम्हाला कल्पना तरी आहे का, आत्ता ही बोट..."

मार्फाने त्याचं मनगट धरलं.

"नको सांगूस, मामा," ती हळूच म्हणाली. "बंदर अजून तीन तास लांब आहे. त्यांना याच बोटीतून जायचंय."