येतानाचं अंतर

अंतर मोजायचं चाक झऱ्यापाशी थांबलं. साहेबांनी दांड्यावरचा आकडा वाचला आणि मान हलवली.

"चौदाशे साठ. चाळीस मीटर कमी पडले, मावशी. पाणी दीड किलोमीटर लांब असतं, तर तुमच्या गावाला नळ मिळाला असता."

मावशीनं घागर धारेखाली धरली. धार करंगळीएवढी, तिला घाई करून चालत नाही. घरी सून सातव्या महिन्यात होती. तिला या वाटेला पाठवायचं नाही, हे मावशीनं मनाशी पक्कं केलं होतं. मन ऐकत होतं, गुडघे ऐकत नव्हते.

साहेब कागद भरत होते. "भूगोल: डोंगरउतार. इतिहास..." ते थांबले. "विशेष नाही, असं लिहितो. चालेल ना?"

"लिहा की." घागर भरत आली. "साहेब, हे तुम्ही जातानाचं मोजलंत. येतानाचं?"

"वाट तीच ना, मावशी."

"वाट तीच. घागर ती नाही."

साहेब हसले आणि त्यांनी चाकाचा आकडा पुन्हा शून्यावर आणला. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून हे त्याचं तिसरं गाव. घागर उचलताना तिच्या गुडघ्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि लाजेकाजेस्तव हात पुढे केला. "द्या इकडे."

"घ्या. तुमचं गाडं मी आणते." तिनं चाकाचा दांडा धरला. "हलकं आहे हो. दिवसभर एवढंच ढकलता?"

घागर साहेबांच्या खांद्यावर ठरेना. पहिल्या चढालाच पाणी मानेवरून पाठीत उतरलं. वाटेपासून दहा पावलांवर, खांद्याच्या उंचीचा एक सपाट दगड होता. न वाकता घागर टेकवता येईल असा. साहेब आपसूक तिकडे वळले. मागोमाग चाकही दगडापर्यंत गेलं.

"हा सासूचा दगड," मावशी म्हणाली. "नव्या नवरीनं रडायचं ते इथंच. घरी रडायला जागा कुठली? माझी सासूही इथंच रडलेली."

चाक वाटेवर आलं. पुढचा दगड आला. पुन्हा दहा पावलं आत, दहा पावलं बाहेर.

"हा भांडणाचा. वरची आळी आणि खालची आळी वर्षभर बोलत नव्हत्या. पण घागरी टेकवायला दगड एकच. शेवटी बोलल्या."

तिसऱ्यापाशी साहेब नुसतेच धापा टाकत उभे राहिले. "हा बाळंतिणीचा," ती म्हणाली. "माझी जाऊ इथं अडली. मी घागर ओतून दिली आणि पोर हातात घेतलं. आता शहरात ट्रक चालवतो."

चौथ्या दगडापासून गावाची कौलं दिसत होती. साहेबांनी विचारलं, "आणि हा?"

"याला नाव नाही. इथं कुणी थांबत नसे. घर आलंच की." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "दोन वर्षं झाली, मी थांबते."

दारात चाक थांबलं. साहेबांनी आकडा वाचला, परत वाचला. पंधराशे चोवीस.

"मावशी, तुम्ही चाक वाटेनं नाही आणलंत. दगडादगडाला फिरवलंत."

"तुमच्या मागंच होते. भरल्या घागरीची वाट ती हीच. एक दगड तरी सोडलात का तुम्ही?"

साहेबांनी ओल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग कागद काढून चौदाशे साठ खोडलं आणि पंधराशे चोवीस लिहिलं. खालचं 'विशेष नाही' हेही खोडलं. तिथं काय लिहावं ते मात्र सुचेना.

"नळ कधी येईल?" दारातून सुनेनं विचारलं. तिचा एक हात कमरेवर होता.

"कागद आता वर जाईल. मग मंजुरी. वर्ष, दीड वर्ष."

सुनेनं मान खाली घातली. मावशीनं घागर माठात ओतली. माठ निम्माही भरला नाही. बाकीचं पाणी साहेबांच्या सदऱ्यात होतं. तिनं रिकामी घागर काखेला लावली आणि पायरी उतरली.

साहेब ओशाळून पुढे झाले. चाकाकडे त्यांचा हात गेला.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "जातानाचं कमीच भरतं."