रापणीची खूण

रापणीच्या वेळी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढताना, खडकावर उभं राहून माशांचा थवा हेरायचं काम गंगारामचं. त्याने हात हलवला की सगळ्यांनी जाळं ओढायचं. पण आजाराने तो हात आपोआपच थरथरू लागला. माणसं भलत्याच वेळी ओढायची आणि जाळं रिकामं यायचं. आज गोव्याच्या इस्पितळात तो ऑपरेशनच्या टेबलावर जागाच पडला होता. डोक्यात बारीक तार घातली होती. मेंदूतल्या पेशींच्या विजेची तडतड स्पीकरवर ऐकू येत होती, वाळूत तारले मासे तडफडावेत तशी. वर धरलेला हातही त्याच तालावर उडत होता. यंत्र हाताचं ऐकतंय की हात यंत्राचं, गंगारामला कळेना. डॉक्टरांनी तारेतून वीज सोडली. तडतड थांबली. हात गप्प उभा राहिला. "शाब्बास काका! आता हात हलवा बघू." गंगाराम पार गोंधळला. "आत्ता कसो हलवू, डॉक्टरानू? मासो खंय इलो अजून?"